वाडीचं नाव

आमच्या शाळेतल्या कॉम्प्युटरच्या बाईंनी मला पॉडकास्ट हा शब्द सांगितला तेव्हा दोन हजार सात-आठचा सुमार असेल. मी माणिकपूरला त्यांच्याच शाळेत मराठी शिकवत होते. मधल्या सुट्टीत डबा उघडला की मी माझ्या आईच्या इंदेलचं, म्हणजे डुकराच्या आंबट-तिखट मटणाचं, आणि वर्षभरासाठी बाटल्यांमधून भरून ठेवलेल्या मसाल्याचं कौतुक सुरू करायची. एक दिवस बाई म्हणाल्या, "हे सगळं रेकॉर्ड करा. रेडिओसारखंच असतं, फक्त इंटरनेटवर. मी चढवून देते."

दोन रविवार मी माहेरी जाऊन आईला बोलतं केलं. माहेर म्हणजे वसईतली आमची वाडी, केळीची आणि पानवेलींची. घरी आम्ही आमच्या बोलीत बोलतो, पण इथे सगळं शाळेच्या मराठीत लिहिते आहे. आई आधी लाजली, मग मिरच्या कशा उन्हात घालायच्या ते सांगताना माईक विसरून गेली.

नाव मात्र सुचेना. 'वसईची चव' बाईंना दुकानाच्या पाटीसारखं वाटलं. 'चुलीजवळ' मला आवडलं होतं, पण आईची चूल जाऊन गॅस आला त्याला कितीतरी वर्षं झाली होती. बाई म्हणाल्या, "नाव असं हवं, की ऐकल्याबरोबर कुणाचं तरी घर डोळ्यांपुढे आलं पाहिजे."

असं नाव माझ्याकडे होतं. ते मी वहीत लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. 'भोकरीच्या वाडीतून.'

का खोडलं, ते सांगायला हवं. नव्वदीच्या सुरुवातीला एका दुपारी दोन माणसं पांढऱ्या गाडीतून वाडीवर आली होती. तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. त्यांनी केळीची तारीफ केली, आईच्या हातचं पाणी घेतलं, आणि सातबारा कुणाच्या नावावर आहे ते विचारलं. बाबा म्हणाले, "विकायची नाही." ती माणसं रागावली नाहीत. जाताना त्यातल्या एकाने फाटकावरची पाटी मोठ्याने वाचली. "भोकरीची वाडी. नाव लक्षात राहील."

आठवड्याभराने सकाळी आम्ही उठलो तर रस्त्याकडेच्या चाळीस केळी कमरेएवढ्या उंचीवर कापलेल्या होत्या. घड तसेच मातीत पडलेले. बाबांनी पोलिसांत तक्रार दिली नाही. शेजारीपाजारीही काही बोलले नाहीत. बाबांनी पाटी काढली, कुऱ्हाडीने तिचे तुकडे केले आणि बंबात घातले. त्यानंतर कुणी परक्याने विचारलं तर ते नुसतं "वाडी" म्हणायचे. मी सहलीचा अर्ज भरताना, लग्नाची पत्रिका छापताना, त्यांनी वाडीचं नाव कुठेही लिहू दिलं नाही.

इतकी वर्षं लोटली, ती माणसं कुठल्या कुठे गेली असतील, असं मी स्वतःला समजावलं. तिसऱ्या रेकॉर्डिंगला मी माईकसमोर म्हटलं, "भोकरीच्या वाडीतून नमस्कार." आईचा लसूण सोलणारा हात थांबला.

"बाबांना विचारलंस?"

"बाबा कुठे इंटरनेट बघतात?"

आईने लसणाची पुढची पाकळी सोलायला घेतली. तिथेच थांबायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

तीन भाग चढले. आखाती देशांत आणि कॅनडात गेलेली आपली माणसं ऐकत होती, दोन ओळी लिहीत होती. मग एका मंगळवारी शाळेतच मेल आला. खाली नाव नव्हतं, पत्त्यात नुसती अक्षरं आणि आकडे. 'भोकरीची वाडी अजून आहे हे ऐकलं. विहिरीकडून आत यायची वाट उघडी आहे का? रविवारी सकाळी येतो.'

मी तो चार वेळा वाचला. विहिरीकडची वाट रस्त्यावरून दिसत नाही. ती माहीत असायला माणूस आत येऊन गेलेला हवा. मी उत्तर लिहिलं, 'आपण कोण?' त्यावर काहीच आलं नाही. चार दिवस मी वर्गात एकच धडा दोनदा शिकवत राहिले. जे नाव बाबांनी एवढी वर्षं जपून लपवलं होतं, ते मी माझ्या हौसेपायी जगभर वाजवलं होतं.

शनिवारी मी बाबांना सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "विहिरीचं लिहिलंय?"

"हो."

"मग उद्या तुझ्या नवऱ्यालाही बोलाव."

रविवारी आईने चर्चमधली मिस्सा चुकवली. मला आठवतं तेव्हापासून तिने कधी चुकवली नव्हती. बाबांनी फाटकाला साखळी घातली, विहिरीकडच्या वाटेवर तोडलेल्या फांद्या टाकल्या आणि ओट्यावर खुर्ची टाकून बसले. कोयता खुर्चीमागे ठेवलेला मला दिसत होता. माझा नवरा उगाच क्रिकेटचं बोलत होता.

साडेदहाला फाटकाशी रिक्षा थांबली. पन्नाशीचा एक माणूस उतरला आणि साखळी बघून तिथेच उभा राहिला. "काका," त्याने हाक मारली, "मी पलीकडचा. तुमच्या विहिरीवर आम्ही पोहायला शिकलो."

पलीकडे एव्हाना चार मजली इमारत झाली होती. तिच्या जागी पूर्वी ज्यांची वाडी होती, त्यांचा हा थोरला मुलगा. त्या घराने जागा विकली आणि निरोपही न घेता ते निघून गेले, याचा राग बाबांच्या मनात होता. बाबा उठले, पण साखळी काढायला त्यांना वेळ लागला.

"नाव का नाही लिहिलंस मेलमध्ये?" मी विचारलं.

"लिहिलं असतं तर काकांनी फाटक उघडलं नसतं." मग तो बाबांकडे वळला. "काका, आमच्याही केळी कापल्या होत्या, तुमच्या आधी. आमच्या बाबांनी आम्हाला शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही म्हणून. तुमच्या कापल्या त्या दिवशी ते घरात बसून रडत होते. आधी सांगितलं असतं, तर कदाचित..."

बाबांनी रस्त्याकडेच्या केळींकडे पाहिलं. "आम्ही तरी कुठे तुमच्याकडे आलो?" ते एवढंच म्हणाले. आईने त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

लोकांना वाटेल, यानंतर मी नाव तसंच ठेवलं असेल. नाही ठेवलं. सोमवारी मी बाईंना सांगून ते बदललं. या वेळी चांगला माणूस आला होता. पुढच्या वेळी कोण येईल याची खात्री मला कोण देणार होतं? तिन्ही भाग आम्ही काढून टाकले, सुरुवात पुन्हा रेकॉर्ड केली आणि 'आज काय शिजलं' असं नाव दिलं. बाई थोड्या हिरमुसल्या. "यात कुणाचंच घर दिसत नाही," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "म्हणूनच."

नव्या नावाचा पहिला भाग मी बाबांना ओट्यावर बसवून हेडफोनवर ऐकवला. आईचा आवाज कानात आला तसे ते दचकले. पूर्ण भाग संपेपर्यंत त्यांची नजर फाटकावर होती. हेडफोन काढून माझ्या हातात देत ते म्हणाले, "मीठ कधी घालायचं ते तिने सांगितलंच नाही."