भोंग्यावरचा पुकार आणि माझा नवा अंगठा

डिंभ्याच्या कालव्यात माझ्याइतका देखणा सूर तालुक्यात कोणी मारत नव्हतं. पाणी किती सोडलंय, एवढंच त्या दिवशी बघायचं राहिलं. तळाला डोकं आपटलं, मान मोडली आणि छातीखालचा सगळा मुलूख माझ्या हुकमाबाहेर गेला. मनगटं तेवढी वर उचलली जायची, बोटं मात्र लग्नातल्या रुसलेल्या पाहुण्यांसारखी बसून.

भेटायला येणारे पायांकडे बघून हळहळायचे. लघवीचं विचारायला सगळे लाजायचे. ती आपली आपण होत नव्हती. ठरल्या वेळी नळी घालून काढावी लागे आणि ते काम थोरल्या दादाकडे. दादा बैलगाडा शर्यतींचा वेडा. यात्रेत आमची बैलं जुंपायची वेळ यावी आणि भोंग्यावरून पुकार व्हावा, "मळ्यातल्या भाऊंनी ताबडतोब घरी जावं, पेशंटचा टाइम झालाय!" दादा शिव्या देत मोटारसायकलवर घरी. माझं मूत्राशय आमच्या बैलांपेक्षा प्रसिद्ध होतं.

पुढे पुण्याचे डॉक्टर म्हणाले, कोपराजवळचा एक चांगला स्नायू वळवून अंगठ्याला जोडू. पकड येईल, नळी स्वतः घालाल. घरात सभा भरली.

"पाय सोडून अंगठ्याचं काय घिऊन बसला?" मामा कडाडले. "आन् मुतायला शिकायला पुण्याला जायाचं?"

"मामा, तुमाला फुकटात येतंय, म्हणून किंमत न्हाई," मी म्हटलं.

ऑपरेशन झालं. प्लास्टर निघाल्यावर कित्येक महिने मी त्या अंगठ्याची मनधरणी केली. आधी चमचा, मग किल्ली, मग नळी. मामा येऊन बघायचे आणि विचारायचे, "चालतो कधी?"

पुढच्या यात्रेला मी खुर्चीसकट टेम्पोतून घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, गेलो. निघताना जाहीर केलं : आज नळी मी घालणार, दादानं फक्त बैलं बघायची. तरी वेळ झाली की दादाला पुकार, असं मामांनी भोंगेवाल्याला गुपचूप सांगून ठेवलंच.

वेळ झाली. टेम्पोची ताडपत्री ओढून घेतली. पायजम्याच्या चेनला आईनं अडकवलेली कडी अंगठ्यानं खेचली. पहिली नळी निसटून खाली पडली. उकळलेल्या नळ्यांच्या डब्यातून दुसरी काढली. बाहेर आमच्या बैलांचा पुकार झाला, मी अंगठ्यानं धरून नळी आत सरकवली, आणि मग बाटलीत धार पडली. तसलं संगीत मी आजवर ऐकलेलं नाही.

तेवढ्यात भोंगा ओरडला, "मळ्यातल्या भाऊंनी ताबडतोब..."

ताडपत्री फाडल्यासारखी उघडून दादा आत आला. मी बाटली दाखवली.

"झालं?"

"झालं."

"आपलं आपण?"

"आपलं आपण."

"मग मला कशाला पुकारलं रं?"

"मामाला इचार."

बाहेर आरोळी उठली. आमची बैलं घाट चढून गेलीसुद्धा, आणि त्यांची बारी, ती क्षणभराची धाव, आम्ही दोघांनीही पाहिली नाही. दादा तडक उतरून गेला. जरा वेळानं भोंग्यावर त्याचाच आवाज :

"समद्या पावण्यांना कळवतो, आमचा पेशंट आता सोताचं सोता करतोय. हितून म्होरं मला घाटातनं कुणी बोलवायचं न्हाई. मामा, आलं का ऐकू?"