आमच्या साडूंचं नाक

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या अख्ख्या रस्त्यावर आमच्या साडूंइतकं तिखट नाक दुसऱ्या कुणाला नव्हतं, आणि त्या नाकावर माझ्याइतकं कुणी जळलेलंही नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, मुक्काम कऱ्हाटी, तालुका बारामती. मी इंदापूरचा, आयटीआय पास मोटार मेकॅनिक, रस्त्यालगत स्वतःचं गॅरेज, अंगावर रोज इस्त्रीची खाकी पँट. साडू चौथी पास. लहानपण बापामागं मेंढरं राखण्यात गेलं, पुढे कुणाच्या तरी ओळखीनं आखातात गेले, तिथं पाच वर्षं एका वर्कशॉपात गाड्यांखाली पाठ टेकून काढली आणि परत आले ते एकच विद्या घेऊन. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीचं दुखणं ओळखायचं आणि ते बरं करायचं. आता नव्वद सालानंतरच्या आमच्या भागात अशा गाड्या होत्या किती? बारामती आणि इंदापूर, दोन्ही तालुके धुंडाळले तर चार, फार तर पाच. कुणा बागायतदारानं मुंबईहून हौसेनं आणलेली जुनी परदेशी, नाहीतर कुणाच्या जावयाची. एवढ्या चार-पाच गाड्यांपायी शहाणा माणूस दहा वर्षं मनात कुढत बसेल का? मी बसलो.

सुरुवात गाड्यांपासून झालीच नव्हती. सांगवीला आमच्या मेव्हणीच्या लग्नात साडू मांडवाच्या कमानीत थबकले, हवेत नाक उचलून वास घेतला आणि म्हणाले, "आमटी खाली लागली." आचारी मांडवाच्या पार मागल्या अंगाला, मध्ये पाचशे माणूस आणि एक बँड. मी हसलो. मागं जाऊन बघतो तर आचारी पातेलं उतरवून कपाळावर हात मारतोय. दुसरी आमटी वेळेवर झाली, पंगत बसली, आणि सासरे येईल त्या पाहुण्याला थोरल्या जावयाचं नाक दाखवत फिरले. त्याच मांडवातला बंद पडलेला जनरेटर मी कोट काढून, गुडघ्यावर बसून चालू केला होता. त्याचं नावही कुणी काढलं नाही. जनरेटर चालू असला की कुणाच्या लक्षात येत नाही, हे त्या दिवशी मला कळलं.

गाडी तपासायची त्यांची रीत बघितली तर कुणालाही वाटावं, हा माणूस मेकॅनिक नसून सोयरीक बघायला आला आहे. आल्या आल्या बॉनेट उघडायचं नाव नाही. आधी गाडीला एक प्रदक्षिणा, मग मालकाला आत बसवून गाडी शेताच्या रस्त्यानं सावकाश हाकायला लावायची, आणि स्वतः काठी दोन्ही खांद्यांवर आडवी टाकून, तिच्यावर हात लोंबकळत ठेवून मागून चालायचं. आत बसायला सांगितलं तर ऐकायचे नाहीत. एकदा मी चिडून म्हणालो, "पाव्हणं, आत बसल्याशिवाय गिअर कसा पडतोय ते कळणार कसं?" तर म्हणाले, "आत बसल्यावर तिची चाल कशी दिसंल? मेंढरू लंगडतंय का न्हाय ते मागनंच कळतंय, पावनं." आणि खरोखर, पहिल्यावरून दुसरा गिअर पडताना गाडीच्या पार्श्वभागानं जो बारीकसा हिसका दिला, तो त्यांना वीस पावलांवरून दिसला. कार्बोरेटरकडून गिअरबॉक्सकडे जाणारी तार त्यांनी दोन आटे आवळली आणि गाडी लोण्यासारखी चालायला लागली. असल्या कामाला मी गिअरबॉक्स खाली उतरवला असता आणि आठ दिवस गॅरेजमध्ये मोठ्या दिमाखात पसरून ठेवला असता.

मग तेल. गिअरबॉक्सचं तेल मोजायची पट्टी ओढायची, तिच्यावरचा एक थेंब आपल्या पांढऱ्या पायजम्यावर, मांडीच्या जरा वर, टिपायचा, त्याचा रंग बघायचा आणि वाकून वास घ्यायचा. लाल असेल तर गाडी धडधाकट. तपकिरी असेल तर तेल बदला. काळपट आणि जळका वास असेल तर आतल्या प्लेटा गेल्या. त्या पायजम्यावर दोन तालुक्यांतल्या सगळ्या ऑटोमॅटिक गाड्यांचे टिपके होते आणि कुठला टिपका कुठल्या गाडीचा, कधीचा, हे त्यांना पाठ होतं. त्यांच्या घरातून, म्हणजे आमच्या थोरल्या मेव्हणीबाई, तो पायजमा दगडावर आपटून आपटून थकल्या, पण डाग हटले नाहीत. "लोकांची तेलाच्या गिरणीतली धोतरं सुदीक पांढरी निघत्यात, ह्यांचा पायजमा निघना," म्हणायच्या, पण म्हणताना तोंडावर असा काही अभिमान असायचा की माझ्या इस्त्रीच्या पँटीची मला लाज वाटायची.

असं असताना आमच्या इंदापूरच्या एका डॉक्टरांनी जुनी परदेशी ऑटोमॅटिक गाडी घेतली आणि सर्व्हिसिंगला माझ्याकडे आणली. मला हत्तीचं बळ आलं. साडूंना कळवायचं नाही, असं बायकोला बजावलं आणि कामाला लागलो. इंजिन बंद, गाडी गार, अशी शिस्तीत उभी करून गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी ओढली. बघतो तर तेल खुणेच्या चांगलं वर! कुणा अडाण्यानं जास्त ओतलंय, असं म्हणून मी खालचा बोल्ट सैल केला आणि लिटर-दीड लिटर तेल काढून टाकलं. खुणेला खूण जुळवली. हात पुसले. वर डॉक्टरांना तेलाच्या मापावर एक छोटं व्याख्यानही दिलं.

चौथ्या दिवशी डॉक्टर बारामतीला निघाले आणि कालव्याच्या चढावर गाडी उभी राहिली. इंजिन बोंबलतंय, चाकं जागची हलत नाहीत. उसाच्या ट्रॉलीवर चढवून गाडी माझ्या दारात आणली गेली. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "तुमच्याकडून नेल्यापासूनच असं होतंय." डॉक्टरांचा दवाखाना म्हणजे दिवसाला शंभर माणसांनी कान देऊन बसणं. हे वाक्य तिथं एकदा उच्चारलं गेलं की माझ्या गॅरेजचं नाव पुसलं गेलं, हे मला लख्ख दिसत होतं. मी पट्टी ओढली, इंजिन बंद ठेवूनच. तेल खुणेला बरोब्बर! म्हणजे गिअरबॉक्सच गेला असणार. मुंबईला पाठवावा लागेल, असं मी सांगितलं. आतून बायको म्हणाली, "दाजींना बोलवा की." मी नको म्हणायच्या आत तिनं बारामतीच्या एसटीच्या ड्रायव्हरकडे निरोप दिलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं साडू उतरले. खांद्यावर काठी, हातात पिशवी, पिशवीत लाल तेलाचे डबे. गाडी चालतच नव्हती, त्यामुळे मागून चालायचा प्रश्न नव्हता. त्यांनी डॉक्टरांना आत बसवलं. "चालू करा. जरा गरम हूं द्या. आता ब्रेकवर पाय ठिवून गिअरची दांडी सगळ्या खुणांवरनं फिरवून आना. आता पार्किंगला. इंजिन चालूच राहू द्या." आणि इंजिन चालू असताना त्यांनी पट्टी ओढली. पट्टीचं टोकसुद्धा ओलं झालं नव्हतं. त्या क्षणी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इंजिन चाललं की ते तेल वर खेळतं, बंद केलं की सगळं खाली येऊन बसतं, म्हणून ते मोजायचं ते चालू इंजिनावर. मी मोजलं होतं साध्या इंजिनाच्या तेलासारखं.

साडू गाडीखाली गेले. खालच्या बोल्टावर माझ्या पान्याचे ताजे, चकचकीत व्रण होते. ते त्यांनी बोटानं चाचपले. मला ते बोट दिसलं. बाहेर आले, माझ्याकडे बघितलं, आणि मग डॉक्टरांकडे वळून म्हणाले, "पॅकिंग दबलंया जुनं. तेल गळून गेलं समदं. ह्या पावन्यांनी बोल्ट आवळून ठिवला म्हनून गिअरबॉक्स वाचला, डाक्टरसाहेब. न्हायतर गेला हुता कामातनं."

पिशवीतल्या डब्यांतलं तेल त्यांनी आत ओतलं आणि गाडी पहिल्यासारखी चालायला लागली. डॉक्टरांनी माझा हात हातात घेतला. आठवड्यात सगळ्या इंदापुरात झालं की ऑटोमॅटिक गाडी दाखवायची तर ह्याच्याकडे. मला नाइलाजानं तशी पाटीही लावावी लागली. त्या पाटीखाली जी गाडी येईल ती मी "ट्रायल घेतो" म्हणून गुपचूप कऱ्हाटीला न्यायचो, साडू मागून चालायचे, पायजम्यावर टिपका पडायचा, आणि संध्याकाळी मी नावलौकिक घेऊन परत यायचो. त्यांनी त्या दिवशी मला चारचौघांत झापलं असतं तर किती बरं झालं असतं! मग मला त्यांचा बिनदिक्कत राग करता आला असता. आता नाकाच्या जोडीला त्या मनाचाही हेवा करत बसायची पाळी आली, आणि मन काही पायजम्यावर टिपून बघता येत नाही.

शतक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. जळोचीच्या एका बागायतदाराची गाडी घेऊन मी कऱ्हाटीला गेलो. साडू मागून चालले, पट्टी ओढली, पायजम्यावर थेंब टिपला, वाकले. वाकलेच राहिले. मग सरळ होऊन पट्टी माझ्यापुढे धरली. "पावनं, तुमी बघा."

"मी कशाला?"

"मला वास येत न्हाय," ते म्हणाले. "त्या पावसाळ्यातल्या तापापासनं. परवा चुलीवर भाकरी जळून कोळसा झाली, मी शेजारीच बसलेलो. कुणाला बोललो न्हाय."

दहा वर्षं ज्या नाकाचं वाईट चिंतलं ते गेलं होतं, आणि मला वाटलं ते माझ्यामुळंच गेलं. तोंडातून एकदम निघून गेलं, "पाव्हणं, डॉक्टरांच्या गाडीतलं तेल मीच काढलं होतं."

"ठावं हाय की," साडू म्हणाले. "वास कसा हाय ते सांगा."

मी थेंब माझ्या इस्त्रीच्या पँटवर टिपला, मांडीच्या जरा वर. वाकून वास घेतला. खात्री करायला पुन्हा एकदा घेतला, कारण आता चुकायची सोय नव्हती. "जळका आहे," मी म्हणालो. "प्लेटा गेल्या असतील."

"मग गिअरबॉक्स उतरवावा लागंल," असं म्हणून ते पाने आणायला घरात गेले. खरं सांगतो, तेव्हाही मला त्यांचा हेवाच वाटला. जाताना त्यांनी एकदाही मागं वळून, नक्की ना, असं विचारलं नाही.