थोरल्या जावयाचं वाण

हौसराव पाटसजवळच्या एका वाडीचे. साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात तीस वर्षं लोकांची हजेरी लावून निवृत्त झालेले, त्यामुळे दिवस मोजावेत तर त्यांनीच. धोंड्याचा महिना लागला की पारावर त्यांचा भाव वधारायचा.

"सूर्याचं वरीस तीनशे पासष्ट दिसांचं आन् चंद्राचं तीनशे चोपन्न," ते सांगायचे. "म्हंजी चंद्राचे दरसाल अकरा खाडे. इंग्रजी वर्साचा पाव दिवस वर उरतो, त्यो चार वर्सांनी फेब्रुवारीत घालत्यात. आपण खाडे साठू देतो आन् पावणेतीन वर्सांनी आख्खा महिनाच वाढवतो. न्हाईतर दिवाळी मागं सरकत सरकत भर पावसात आली असती."

लोक माना डोलवायचे. एवढं अचूक सांगणाऱ्या या गृहस्थांना आपल्याला जावई किती, हे मात्र सांगता येत नव्हतं. विचारलं तर 'एक' म्हणायचे. होते दोन.

थोरली सुलक्षणा रांजणगावला कंपनीत होती. तिथल्याच सम्राटशी तिनं एकोणीस साली नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. मुलगा शिरूरचा, बौद्ध. डिप्लोमा झालेला, नोकरीत कायम, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. नाव ठेवायला जागाच नव्हती, म्हणून हौसरावांनी त्याचं नाव घेणंच टाकलं. भावकी काय म्हणेल, या एका धास्तीवर त्यांनी सात वर्षं काढली. फोनवर मुलीशी बोलायचे, तेसुद्धा गोठ्यात जाऊन.

धोंड्यात जावयाला नारायण समजून जेवू घालायचं, पुरणाचे धोंडे वाढायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, ही रीत. वीस सालचा धोंडा तसाच गेला. तेवीसला धाकट्या सत्यजीतरावांच्या ताटाभोवती रांगोळी निघाली, तेव्हा पुरणाचा घास हौसरावांच्या तोंडात फिरत राहिला. पण गिळला त्यांनी. यंदा जेठात धोंडा आला आणि त्यांच्या बायकोनं, साळूबाईंनी, अनारशांचे तांदूळच दुप्पट भिजवले. धाकट्या जावयाचं जेवण आटोपल्यावर अनारशांचा दुसरा डबा त्यांनी नवऱ्यापुढं ठेवला.

"घरी बोलवायची छाती न्हाई तुमची, ठावं हाय मला. निदान पोचवून तरी या."

जावयाला येणं जमलं नाही तर वाण त्याच्या घरी पोचवतात. ही सवलत हौसरावांच्या चांगलीच पथ्यावर पडली. वाण दिल्यासारखंही होणार आणि जावई अंगणात दिसणारही नाही. एस्टीची वाट बघताना कुणी विचारलं तर म्हणाले, "डोळं दाखवायला शिरूरला चाललोय." चौफुल्याला गाडी बदलून न्हावऱ्यामार्गे पोचेपर्यंत डबा त्यांनी मांडीवरच धरला होता.

दार सम्राटनंच उघडलं. क्षणभर तो बघतच राहिला, मग वाकून पाया पडला. "या मामा." आपल्याकडं जावई सासऱ्याला मामा म्हणतो, धाकटाही म्हणायचा. पण हा शब्द सात वर्षं कुणीतरी जपून ठेवला असेल, हे हौसरावांच्या डोक्यातही आलं नव्हतं. समोरच्या बिऱ्हाडातल्या तुळजाबाई डोकावल्या, तर सम्राट हरखून म्हणाला, "आमचे मामा आलेत, गावाहून." हौसरावांना त्याच्याकडं बघवेना.

सुलक्षणानं डबा उघडला आणि तिचे डोळे भरले. "आईच्या हातचं हायेत," एवढंच म्हणाली.

"आमच्यात धोंडा पाळत नाहीत, मामा," सम्राट म्हणाला, "पण मामींनी केलेत ना, मग मी खाणारच." आणि त्यानं उभ्याउभ्या दोन अनारसे संपवले. मग त्यानं सासऱ्यांना आग्रह करकरून जेवू घातलं. नारायणाचा मान ज्याला द्यायला आलो, त्याच्याच हातची भाकरी आपण मुकाट्यानं खातोय, हे हौसरावांना घासागणिक टोचत होतं. गावाकडं या, हे दोन शब्द तीनदा त्यांच्या ओठांवर आले आणि तिन्ही वेळा त्यांनी पाणी मागितलं.

निघताना सुलक्षणानं शेंगदाण्याच्या चटणीची पिशवी भरून दिली. ती घेऊन सम्राट त्यांना स्टँडवर सोडायला आला. गाडी लागलेली होती. हौसराव खिडकीशी बसले, सम्राट खाली उभा राहिला, आणि तेवढ्यात मागून हाक आली, "हौसआबा!" कोंडिबा होता. भावकीतला, पारावर रोज समोर बसणारा, बाजाराला आलेला. तो शेजारच्या सीटवर टेकला.

"गावात कळलं मला. डोळं दाखवलं व्हय? आन् हे पाव्हणं कोण?"

सम्राटनं वर पाहिलं. हौसरावांनीही त्याच्याकडं पाहिलं. जावई, एवढा एकच शब्द बोलायचा होता.

"हे... दवाखान्यातलं हायेत," हौसराव म्हणाले. "सोडाय आलं."

सम्राटच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्यानं पिशवी खिडकीतून आत दिली.

"जपून जा, काका," तो म्हणाला. "ड्रॉप वेळच्या वेळी टाका डोळ्यांत."

गाडी सुटली. हौसरावांचे कान तापले होते. त्यांना लाज वाटत होती, आपल्या खोटं बोलण्याची होतीच, पण त्याहून जास्त ते खोटं त्या पोरानं न सांगता सांभाळून घेतलं याची. परत जाऊन त्याचे हात धरावेत असं वाटत होतं, आणि आपण उतरणार नाही हेही माहीत होतं.

"लई गुणाचं पोरगं दिसतंय," कोंडिबा म्हणाला. "कुणाचं म्हणायचं?"

हौसरावांनी पिशवी सीटखाली सारली.

"ठावं न्हाई," ते म्हणाले.