तात्यांची दाढी

दाढीचे किस्से सांगायला लागलं की आम्हाला थांबता येत नाही. लग्नात, बारशात, कुठंही आमच्या वाडीतले दोघं जुने भेटले की आधी एकमेकांच्या गालांकडं बघतात आणि हसायला लागतात. बायकापोरांना कळत नाही, या म्हाताऱ्यांना झालंय काय! एक किस्सा निघाला की त्याच्यामागं दुसरा येतोच.

भोर तालुक्यात, उत्रोलीच्या पलीकडं आमची वाडी. साठ-सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही बौद्ध झालो होतो, पण गावच्या न्हाव्यानं, म्हणजे शंकरनानांनी, आमच्या गालाला हात लावायचा नाही, हे काही बदललं नव्हतं. भोरमध्ये कुणी विचारत नसे, पण दर दाढीला भोर कोण गाठणार? बाजाराच्या दिवसापर्यंत आम्ही तसेच खरबरीत फिरायचो.

मग आमचे तात्या पलटणीतून रिटायर होऊन आले. चुलत्यांच्या नात्यातले, पण सगळ्या वाडीचेच तात्या. ते सरळ नानांकडं गेले. नाना खाली बघत म्हणाले, "तात्या, म्या करीन वो. पण मग गाव माझ्याम्होरं बसंल का?"

तात्या तसेच माघारी फिरले. घरी आले, ट्रंकेतून स्वतःचा वस्तरा काढला, जांभळीच्या फांदीला धारेचा चामडी पट्टा टांगला आणि आम्हाला हाक मारली, "या रं समदे! आजपासनं आपलं सलून!"

*

आता शिकायचं कशावर? तात्यांनी नामदेवच्या आईची म्हैस सोडून आणली. नामदेव माझा जिवलग, वाडीतला सगळ्यात बडबड्या. म्हशी एरवीही भादरतातच, तेव्हा तात्यांचं म्हणणं बरोबर होतं.

"हिच्यावर हात बसवा. चुकलात तर ही सोताच शिक्षा करंल!"

पहिली शिक्षा नामदेवला झाली. तो शेणात जाऊन बसला. पण दुपारपर्यंत म्हैस चकाचक! त्याची आई रानातून आली आणि डोक्यावरचा भारा न उतरवताच म्हणाली, "आगं बया! सायबावानी गुळगुळीत केलीया. आता हिची धार काढू का हिला हापिसात धाडू?"

*

माणसांवर हात चालवायची वेळ आली तेव्हा तात्यांनी एक रीत घातली. वस्तरा धरायचा असेल तर आधी स्वतः जांभळीखालच्या दगडावर बसायचं. दुसऱ्याकडून दाढी करून घ्यायची, मगच त्याची करायची. आणि बसलेल्याला तात्यांची एकच ऑर्डर, "हनुवटी वर!"

नामदेवच्या पुढ्यात मी बसलो. बोलता बोलता त्यानं माझ्या कानाखाली ओरखडा काढला. तुरटी लावली तर डोळ्यांत पाणी! मग तो बसला आणि वस्तरा माझ्या हातात आला. त्याच्या तोंडाला फेस, गळ्याशी पातं.

"दोस्ता, आपुन एका ताटात जेवलोय," तो पुटपुटला. "इसरू नगंस!"

त्या दिवशी आमचा नामदेव पहिल्यांदा गप्प बसला.

*

नामदेवचं लग्न शिवऱ्याला होतं. निघायच्या गडबडीत त्याची एक बाजू झाली आणि कुणीतरी ओरडलं, "यष्टी आली!" नवरदेव एका गालाला फेस घेऊनच गाडीत चढला.

कंडक्टरनं त्याला खालवर पाहिलं. "पावना, अर्ध्या दाढीचं अर्धं तिकीट काढू का?"

कापूरव्होळला गाडी थांबली तेव्हा तात्यांनी नामदेवला खाली उतरवून गाडीच्याच पायरीवर बसवलं. ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. खिडकीतून एक म्हातारी त्याच्यावर कडाडली, "गप ऱ्हा की वो डायवर! पोरगं काय असंच उभं करायचं व्हय बोहल्यावर?"

सगळी गाडी खिडक्यांतून दाढी बघत होती. एवढ्या लोकांसमोर तात्यांचा हात जरासुद्धा हलला नाही.

*

आता घरात चांगलं बाथरूम आहे, लाईट आहे, दोन पात्यांचं रेझर आहे. दोन मिनिटांत दाढी होते. पण गालावर दुसऱ्याचा हात नसतो. त्या दगडावर डोळे मिटून बसलं की नामदेवची बोटं, साबणाचा वास, वर जांभळीचा वारा. आपला गाल कुणीतरी एवढा जपून धरलाय, असं तिथंच वाटायचं. नामदेव जाऊनही आता बरीच वर्षं झाली. लई आठवण येते.

आणि तात्यांची दाढी! ती ते स्वतःच करायचे, आरशाशिवाय. "ज्याचा हात पक्का, त्याला देईन माझी दाढी," म्हणायचे. मला ती हवी होती. नोकरीची ऑर्डर हवी होती त्यापेक्षाही जास्त. दर रविवारी मी विचारायचो आणि ते म्हणायचे, "अजून न्हाई."

*

पुढं गावातलं एक शेतकऱ्याचं पोरगं गुपचूप आमच्या दगडावर येऊन बसलं. मग त्याचा भाऊ. मग ते दिवसाढवळ्या यायला लागले. नाना लांबून बघायचे.

त्याच साली तात्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. दाढीचे खुंट पांढरे दिसायला लागले, तरी कुणाला हात लावू देईनात. आणि एका रविवारी स्वतःच खांद्यावर पंचा टाकून दगडावर बसले. माझ्याकडं बघितलं. मी धावत जाऊन फेस काढायला लागलो.

तेवढ्यात नाना आले. काखेत हत्यारांची धोकटी, अख्ख्या गावातून चालत.

"तात्या, हात कापतोय म्हनं तुमचा." नानांनी काखेतली धोकटी हातात घेतली. "म्या करू का?"

  तात्यांनी नानांकडं बघितलं. मग उठले आणि पंच्यानं दगड झटकला.

"आमच्यात रीत हाय नाना. आदी बसायचं."

आणि वस्तरा माझ्या हातात दिला.

नानांनी धोकटी खाली ठेवली. सदऱ्याचं वरचं बटण काढलं आणि दगडावर बसले. मी त्यांच्या गालांना फेस लावला. वस्तरा उघडला. नानांनी डोळे मिटून मान खाली घातली होती.

तात्या जवळ आले.

"नाना," ते हळूच म्हणाले, "हनुवटी वर."