मागच्या काचेवरचा चिखल

गाडीचा मागचा वायपर बंद पडला तेव्हा तीन आठवडे मी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. पुढचा चालत होता, तेवढं बास होतं. आठवडाभर नांदेडच्या शाळेत शिकवायचं, शनिवारी सकाळची शाळा सुटली की गाडी काढून लातूर गाठायचं, रविवारी संध्याकाळी परत. मुलगी बारावीला होती, तिचे क्लास लातूरला. तिच्यासोबत खोली करून सासूबाई राहत होत्या. त्यांना मी आत्या म्हणते. नवरा धर्माबादला नोकरीला, त्याची सुटी मंगळवारी. म्हणजे रस्ता माझ्याच वाट्याचा. दर खेपेला डिकीत पीठ, धुतलेले कपडे, चटण्यांचे डबे भरायचे आणि तिकडं पोचल्यावर उतरवायचे.

त्या शनिवारी लोह्यापासून भुरभुर लागली होती. रस्त्याचं काम चाललेलं, बाजूनं ट्रक, सगळा चिखल गाडीभर. लातूरच्या गल्लीत गाडी मागं घ्यायला लागले तर मागच्या काचेतून नुसता तांबडा रंग दिसत होता. आरशाच्या भरवशावर घेतली आणि धडाम आवाज आला. घरमालकांची स्कूटर आडवी झाली होती, तिचा आरसा फुटला होता. मला गाडीतून उतरणंही जिवावर आलं.

घरमालक बाहेर आले. स्कूटर उभी करत म्हणाले, "मॅडम, आधी काच तरी पुसून घ्यायची."

"चुकलंच माझं. आरसा उद्या बसवून देते."

रविवारी सकाळी आरसा बसवून दिला आणि गाडी घेऊन इलेक्ट्रिकचं काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे निघाले. आत्या चप्पल घालून दारात उभ्या.

"मीबी येते."

"तिथं काय करणार आत्या? तासभर तरी लागंल."

"काय न्हाई. बसते."

मेकॅनिक चाचांनी आधी फ्यूज बघितला. तो चांगला होता. मग डिकीच्या दरवाजाचं आतलं प्लास्टिक काढलं आणि वायपरच्या छोट्या मोटारीला थेट बॅटरीवरून करंट दिला. वायपर एकदा हलला.

"मोटार एकदम ठीक हाय ताई. तिच्यापर्यंत करंटच पोचून नाही राहिला."

छतापासून डिकीच्या दरवाजापर्यंत एक रबरी नळी असते, तिच्यातून वायरी जातात. चाचांनी ती नळी सरकवली. दरवाजा उघडताना-लावताना वायरी जिथं दुमडतात, तिथं दोन तुटल्या होत्या.

"लई उघडझाप झाली याची. सामान लई नेता का?"

"दर आठवड्याला," मी म्हणाले.

ते नवीन वायरीचे तुकडे जोडायला बसले. मी आत्यांच्या शेजारी खुर्ची ओढली. त्या रस्त्यावरची माणसं बघत होत्या. तशाच बघत म्हणाल्या, "आज मला तुझ्यासंग ने."

"बरं वाटंना का?"

"बरी हाय. पण त्या खोलीत बोलायला माणूस न्हाई गं. पोरगी पहाटं जाती, दिवस मावळल्यावर येती. आली की पुस्तकात. मी दिवसभर भिंतीकडं बघत बसते."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"कधी सांगू? शनवारी तू येतीस तवा तुझं तोंड इतकं उतरलेलं असतंय, की ओठावर आलेला शब्द मी गिळते."

पाच महिने मी त्या खोलीत शिरले की आधी डबे उतरवत होते, मग पोरीच्या चाचणीचे मार्क विचारत होते, मग झोपत होते. आत्यांना काय विचारलं होतं, ते आठवेना.

तेवढ्यात चाचांनी हाक मारली, "ताई, बटन दाबा! आधी पाणी मारा, काच कोरडी हाय."

पाणी उडालं आणि वायपर वाळलेल्या चिखलावरून करकरत फिरला. चार-पाच फेऱ्यांत काच साफ झाली. चाचा खूश झाले. मीही हसले, पण डोकं दुसरीकडंच होतं.

रविवारचा क्लास दुपारीच सुटतो. पोरगी आल्यावर आज्जीला सोबत नेतेय असं तिला सांगितलं. मला वाटलं, रडेल, परीक्षेचं काढेल. ती दप्तर ठेवत म्हणाली, "मी मेसमध्ये जेवते की. मैत्रिणींसोबत हॉस्टेलला राहायचं मलाच विचारायचं होतं. आज्जीला वाईट वाटंल म्हणून बोलले नाही."

आत्या तिच्याकडं बघतच राहिल्या. "अगं, मग सांगायचं न्हाई का?"

"तू पण कुठं सांगितलंस?"

सामान बांधायला आत्यांना फार वेळ लागला नाही. पोरीला त्या रात्रीपुरतं घरमालकीणबाईंकडं सोपवलं, सोमवारी ती हॉस्टेलला गेली. परतीच्या वाटेवर चाकूर गेलं तसं आत्यांनी डोळे मिटले, ते मी अहमदपूरला चहासाठी गाडी थांबवली तेव्हाच उघडले. चहा पिऊन पुन्हा झोपल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर आत्या शेजारणीसोबत ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. दोघींचं बोलणं गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू येत होतं. मी घरात गेले आणि साडीही न बदलता आडवी झाले. नवऱ्याचा फोन आला. तो आत्यांनी उचलला.

"झोपलीय ती," अर्धवट झोपेत मला ऐकू आलं. "उठवणार न्हाई मी. तुझं काय काम हाय ते मला सांग."