बोक्याने पास केलेला पाळणा

रामनवमीच्या उत्सवाहून आले आणि पाय न धुताच वही उघडली. रामराया, क्षमा कर, पण आज हसू आवरत नाही.

आमच्या भटवाडीतले शिवदासभावजी म्हणजे एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस. लग्नाला गेले तरी जिलबीआधी हॉलची लिफ्ट बघून येणार. "वहिनी, लिफ्ट थांबली हे पायाला कळलं, तर मेकॅनिक फुकट गेला!" रिटायर झाल्यावर त्यांनी देवळातल्या रामजन्माच्या पाळण्याला मोटर बसवली. गेल्या वर्षी बायकांनी त्यात नारळ ठेवले, वजन वाढलं, मोटर अडली आणि मग असा हिसका दिला की रामरायाचा मुकुट थेट पुजाऱ्याच्या मांडीत! तेव्हापासून मंडळाचे नाना पाळणा हाताने ओढायची जुनी दोरी घेऊन टपलेले.

त्यात आमच्याकडची रीत अशी, की वाडीतलं सगळ्यात नवं बाळ रामजन्माच्या वेळी देवाशेजारी पाळण्यात निजवायचं. यंदाचं बाळ भावजींचीच नात, श्रुतिकाची दोन महिन्यांची लेक. श्रुतिकाने सरळ सांगितलं, "बाबा, दोरी असेल तर ठेवीन. तुमच्या मोटरवर नाही."

भावजींना घास गोड लागेना.

एक दिवस मला विचारतात, "वहिनी, दूध उतू गेल्यावर गॅस बारीक करता का?"

"छे! साय वर चढायला लागली की लगेच."

"तेच मोटरला शिकवतोय. आधी ती चुकल्यावर सुधारायची. आता दर क्षणाला मोटर चालवणारा कंट्रोलर आधीच बघणार, एवढी वीज दिली तर पुढे वेग किती होईल, तेवढी दिली तर किती. ज्यात हिसका नाही, तेवढीच द्यायची."

पाच नारळ ठेवून ट्रायल घेतली. झकास! मी आपलं सहज म्हटलं, "भावजी, नारळ लाथा मारत नाहीत हो."

त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. सगळा हिशोब गप्प बसणाऱ्या वजनाचा!

मग आमचा बोका धोंडू कामाला आला. माझ्या जुन्या साडीत गुंडाळून त्याला पाळण्यात घातलं. तो कुशीवर वळला, पाळण्याने हिसका दिला आणि धोंडू घंटेला लटकला. भावजी म्हणाले, "वाट लागली!" पण हटले नाहीत. कंट्रोलरने क्षणाक्षणाला वजनाचा नवा अंदाज घ्यायचा, अशी सोय केली. चौथ्या दिवशी धोंडू आळोखेपिळोखे देऊन, पोट वर करून घोरत पडला. दारातून श्रुतिका बघत होती.

आज भर दुपारी गुलाल, फुलं, टाळ्या. नाना दोरी घेऊन उभेच. श्रुतिका कुंची घातलेल्या लेकीला घेऊन आली. दोरीकडे बघितलं, बापाकडे बघितलं. मग मला विचारलं, "काकी, धोंडू किती वेळ झोपला होता गं?"

"पाऊण तास. उठवावा लागला मेल्याला."

तिने लेकीला पाळण्यात ठेवलं. पोरीने लगेच दोन्ही पाय झाडले. पाळणा मात्र पाण्यावरच्या पानासारखा इकडून तिकडे, तिकडून इकडे. पाळणागीत संपायच्या आत पोरगी झोपली, मूठ रामरायाच्या पायाशी. नाना दोरी टाकून टाळ्या पिटायला लागले.

तेवढ्यात भावजी हात जोडत मागे सरले. मटकन बसले ते सुंठवड्याच्या ताटात!

"बाबा, पुढचं सगळं ओळखता," श्रुतिका डोळे पुसत हसत म्हणाली, "मागचं ताट नाही दिसलं?"

अख्खं देऊळ हसलं. आणि कोण ओरडावं? नाना! "हळू गं बायांनो, उठेल ना ती!"