अमावस्येला चुकलेलं वळण

विमान चालवायला निघालेला मी कोल्हापुरात कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीत चढलो, तो थेट कोंबड्यांच्या खुराड्यावर बसलो. बूड स्थिर नव्हतं, मनही नव्हतं. निपाणीत तंबाखूच्या वखारींचा वास नाकात शिरला आणि उरलीसुरली बैठक शिंकांनी मोडली. शेजारी बोरगावची एक म्हातारी होती.

"कुठं निघालास रं?"

"बेळगावला. विमान शिकायला."

"मग मोटारीनं का चाललायस?"

मी पुन्हा शिंकलो.

माझ्या चुळबुळीला कारण होतं. बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या विमानतळावरून मी सुट्टीला घरी निघताना, विमान शिकवणाऱ्या देसाई मास्तरांनी बजावलं होतं, "परत आल्यावर आठवड्यात एकटा उडालास तर ठीक. न्हाय तर बापाचं मसाल्याचं दुकान हायच." त्या दुकानात हळद कुटत जन्म काढायचा, या कल्पनेनंच मला घाम फुटायचा.

लढाई नुकतीच संपली होती. मास्तर तिच्यातून धड परतले होते, पण त्यांचे दोन सोबती आपल्याच तळावर उतरताना गेले. त्यामुळे त्यांचा सगळा जीव चकरेत. चक्कर म्हणजे धावपट्टीभोवतीचा चौकोन: उडायचं, चार वेळा डावीकडे वळायचं, उतरायचं. प्रत्येक वळणाआधी दोन्ही बाजूंना मान फिरवून दुसरं विमान नाही ना ते पाहायचं, 'डावं मोकळं, उजवं मोकळं' असं मोठ्यानं म्हणायचं आणि पट्टी कुठं दिसते त्यावरून वळायचं.

एवढी मान कोण फिरवणार? मी माझी युक्ती काढली. तळाशेजारच्या सुळेभावीच्या माळावर विणकर सकाळी पाजणी (लुगड्याच्या ताण्याला खळ लावून तो उन्हात ताणून ठेवणं) करत. वरून ती लालभडक रेघ दिसायची. तिसरं वळण त्या रेघेवर घेतलं की पुढचं आपोआप जुळायचं. परतल्यावर दोन दिवस मी असा काही वळलो, की पुढच्या बैठकीतून रबरी नळीवाटे मास्तरांचा आवाज आला, "सुधारलास की रं!" 'मोकळं, मोकळं' मी म्हणत होतोच. डोळे तेवढे लाल रेघेवर होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी खडेबाजारातल्या खाणावळीत भाकरी वाढता वाढता मालक म्हणाले, "आज अमावस्या. आज नका उडू, अण्णा." मी त्यांना विज्ञानावर छोटंसं व्याख्यान दिलं आणि झुणक्याची दुसरी वाढ घेतली.

वर गेलो. तिसरं वळण आलं आणि रेघ नाही! माळ नुसता उघडाबोडका. मी बाजूला वाकून शोधत पुढेच चाललो. शेवटी एका खळ्यात काहीतरी लाल दिसलं. हायसं वाटून, 'मोकळं' म्हणत मी वळलो आणि हातातला विमान वळवायचा दांडा झटक्यानं निसटला; पुढच्या बैठकीतून मास्तरांनी आपला जोडदांडा ओढला होता. विमान आडवं झालं, आणि दुसऱ्या एका विमानाची चाकं माझ्या डोक्यावरून गेली. त्यांच्यावरचा चिखलसुद्धा दिसला.

उतरल्यावर मास्तरांनी आधी इंजिन बंद केलं. मग म्हणाले, "कशावर वळलास?"

"मिरच्या वाळत होत्या, मास्तर."

"आणि काल?"

"पाजणीवर."

त्यांनी मला चालवत त्या माळावर नेलं. विणकरांच्या घरातली एक आक्का ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. हकिगत ऐकून ती मास्तरांकडे वळली.

"ह्यो आमच्या सुतावर इमान वळवतोय व्हय? अरं, अमावस्येला आमचे माग बंद असत्यात. शेंबड्या पोराला ठाऊक हाय!"

ती हसली, तशी अख्खी आळी गोळा झाली. मास्तर हसले नाहीत. त्यांनी मातीत टाचेनं चौकोन आखला आणि मला हात पसरून त्यावरून चालायला लावलं. मी 'डावं मोकळं, उजवं मोकळं' ओरडत फिरतोय, मास्तर मधेच कुठूनही आडवे येतायत, आणि आक्का ओट्यावरून ओरडतेय, "मान न्हाय वळवली! मागनं म्हस आली असती तर?" दिवस मावळला तेव्हा माझी मान खांद्यांवर नीट बसत नव्हती.

आठवड्याच्या शेवटच्या सकाळी पुढची बैठक रिकामी होती. मास्तर खाली उभे होते, हात पाठीमागे. मी उडालो. शेवटच्या वळणाआधी उजवीकडे मान फिरवली, तर एक विमान लांबून सरळ पट्टीकडे येत होतं. उतरण्याचा नाद सोडून इंजिनाचा जोर वाढवला, त्याला वाट दिली आणि पुन्हा सगळी चक्कर मारून उतरलो. मास्तर जवळ आले.

"आज पाजणीचा रंग कुठला होता?"

मी आठवून पाहिलं. "आज होती का पाजणी?"

त्यांनी तोंड फिरवलं. बहुतेक हसत असावेत. "होती. हिरवीगार. जा, च्या पिऊन ये."

पुढच्या सुट्टीला घरी जाताना मोटारीत पुन्हा चुळबुळ सुरू झाली. घरी सगळे विचारणार, वरून बेळगाव कसं दिसतं? काय सांगणार? मी बेळगाव पाहिलंच नव्हतं. डावं आणि उजवं तेवढं पाहिलं होतं. आताही मोटारीच्या प्रत्येक वळणावर मान आपोआप फिरत होती. शेजारी बसलेल्या एका आजीबाईंना राहवलं नाही.

"मान अवघडली व्हय रं?"

"न्हाय, आजी. मागनं म्हस येत्या का बघतोय."

आजीबाईंनीही पदर सावरत मागे वळून पाहिलं.